तीन संगणक आणि डेबियन १३

रविवारी संध्याकाळी सहा वाजून गेले होते. परत आलेल्या शेवटच्या पुस्तकाची नोंद काउंटरवरच्या संगणकात करत होते, तेवढ्यात वीज गेली. यूपीएसने एक लांब शिटी मारली आणि तोही बंद पडला. त्याची बॅटरी जुलैतच संपली होती, नवीन घ्यायचा ठराव कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत यायचा होता. बाहेर पाऊस धो-धो. मी अंधारातच रजिस्टर उघडून पुस्तकाचा दाखल क्रमांक मोबाइलच्या उजेडात पेन्सिलीने लिहून ठेवला आणि दार लावून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, १५ सप्टेंबर २०२५ ला, सोमवारच्या साप्ताहिक सुट्टीत, याच संगणकावर मी डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमची बारावी आवृत्ती काढून तेरावी, म्हणजे डेबियन १३, आणणार होते. रात्रभर डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. ते वाक्य मी आठ दिवसांपूर्वी छापून घेतलेल्या रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपांमध्ये, वाचलं होतं आणि त्याखाली रेघ मारली होती. त्याबद्दल पुढे सांगते.

आमचं वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातलं, क वर्गाचं. ११,८४२ पुस्तकं, एक ग्रंथपाल म्हणजे मी, एक लिपिक काका, आणि संध्याकाळी मदतीला येणारी बारावीतली एक मुलगी. संगणक दोन. एक काउंटरवर, ज्यात सगळी देवघेव आहे. दुसरा वाचनकक्षात, ज्यावर मुलं अर्ज भरतात आणि आम्ही जुनी मासिकं स्कॅन करतो. तिसरा वाचनालयाचा नाही, गुरुजींचा आहे, पण तो रोज सकाळी साडेआठला वाचनालयात येतो आणि बाराला जातो, म्हणून मी तोही आमच्यातच मोजते.

२०१७ च्या गणपतीत गावातला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सुट्टीवर आला होता, त्याने काउंटरच्या संगणकावर डेबियन ९ घालून दिलं. तेव्हा मला 'मुक्त' आणि 'मोफत' यातला फरक माहीत नव्हता. पैसे लागत नाहीत एवढंच कळलं होतं. फरक हळूहळू कळला: मुक्त म्हणजे जे कोणीही आतून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. डेबियनमागे कंपनी नाही. १९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं, आपलं आणि मैत्रीण डेब्रा हिचं नाव जोडून त्याला नाव दिलं, आणि तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ते चालवत आहेत. त्यांनी १९९७ मध्ये वापरणाऱ्यांशी एक लेखी करार केला आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की आम्ही आमच्यातल्या अडचणी लपवणार नाही. चुकांची सगळी यादी कायम उघडी असते, कोणीही पाहावी. सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्या बाईला हे किती जवळचं वाटलं असेल, हे मी वेगळं सांगायला नको. आमचंही जमाखर्चाचं पुस्तक सभासदांसाठी उघडं असतं.

डेबियन १० पासूनची प्रत्येक आवृत्ती मी स्वतः चढवली. तेरावी दहावी-अकरावीसारखी सोपी नव्हती.

ती आली ९ ऑगस्ट २०२५ ला, रक्षाबंधनाच्या शनिवारी. नाव ट्रिक्सी. डेबियनच्या आवृत्त्यांची नावं एका ॲनिमेशनपटातल्या खेळण्यांवरून ठेवतात, ट्रिक्सी म्हणजे त्यातली निळी ट्रायसेराटॉप्स. आधीची बारावी आवृत्ती बुकवर्म होती, म्हणजे पुस्तकी किडा, आणि दोन वर्षं आमच्या संगणकांवर तेच नाव होतं याचं मला मनापासून सुख वाटायचं. ट्रिक्सीला तयार व्हायला दोन वर्षं एक महिना तीस दिवस लागले. त्यात १४,१०० हून अधिक नवीन पॅकेजेस (म्हणजे बसवायला तयार प्रोग्राम आणि त्यांचे सुटे भाग) आली, ८,८४० जुनी काढून टाकली, एकूण संख्या ६९,८३० वर गेली. हे आकडे वाचताना मला वार्षिक पुस्तक-पडताळणी आठवते. किती नवीन आली, किती जीर्ण म्हणून बाद केली, शेवटी कपाटात किती राहिली. फरक इतकाच की इथे कपाट सत्तर हजारांचं आहे आणि पडताळणी करणारे एकमेकांना कधी भेटलेलेही नसतील.

मी लगेच हात लावला नाही. गणपती तोंडावर होते आणि वाचनालयात मुंबईकरांची गर्दी असते. पहिली दुरुस्त आवृत्ती, १३.१, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, ६ सप्टेंबरला आली. त्याच दिवशी बुकवर्मचीही १२.१२ आली. विसर्जन झालं, चाकरमानी परतले, आणि मी रिलीज नोट्स छापून घेतल्या.

मी हे नेहमी कागदावर वाचते. लोक म्हणतात, कशाला, सरळ तीन आज्ञा द्यायच्या आणि चहा प्यायला जायचं. घरच्या संगणकाला ते चालत असेल. माझ्याकडे गावाच्या तीन पिढ्यांच्या नोंदी आहेत. आणि या टिपा नुसत्या सूचना नसतात. कोणीतरी हजारो संगणकांवर हा रस्ता आधी चालून आलेलं असतं आणि कुठे खड्डा आहे ते तुमच्यासाठी लिहून ठेवतं. पाचव्या प्रकरणात अडचणींची यादी असते. मी ते प्रकरण पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं.

रेघ मारलेलं वाक्य मारियाडीबीबद्दल होतं. आमची देवघेव याच डेटाबेसमध्ये राहते. बुकवर्ममध्ये तो १०.११ आहे, ट्रिक्सीमध्ये ११.८. टिपांत असं होतं की डेटाबेस आधी नीट, पूर्ण बंद करा आणि मगच नवीन आवृत्तीकडे जा. वीज गेल्यामुळे किंवा इतर कारणाने तो अर्धवट बंद पडला असेल, तर जुन्याच आवृत्तीने पुन्हा सुरू करून अर्धवट राहिलेले व्यवहार मिटवून घ्या. नवीन आवृत्ती जुनीचं ते काम करून देणार नाही. पुस्तक देताना एकाच वेळी दोन नोंदी होतात, पुस्तकाच्या नावावर आणि सभासदाच्या नावावर. मध्येच वीज गेली तर एक झालेली आणि दुसरी राहिलेली असू शकते. ते कसं मिटवायचं याची टाचणं डेटाबेस स्वतःजवळ ठेवतो, पण ती टाचणं त्याच्या त्या आवृत्तीलाच नीट वाचता येतात.

वीज गेल्यामुळे. हे शब्द लिहिणारा माणूस कुठे बसला होता कोण जाणे, पण त्याने कोकणातला सप्टेंबर पाहिला असावा असं मला त्या रविवारी रात्री वाटलं. मी ते वाचलं नसतं, तर सकाळी उठून सरळ अपग्रेड सुरू केलं असतं.

सोमवारी आठला दार उघडलं. लिपिक काकाही आले होते. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं.

"ताई, पितृपक्ष चाललाय. पक्षात नवीन काही कशाला?"

"नवीन काही आणत नाही काका. आहे त्याचीच डागडुजी आहे."

"मग ठीक," ते म्हणाले आणि स्टोव्हवर चहा ठेवायला गेले.

संगणक सुरू केला. काही एक अपग्रेड करण्याआधी लॉग, म्हणजे डेटाबेसने स्वतःच्या कामाची ठेवलेली नोंद, उघडला. मारियाडीबीने सुरू होतानाच ओळखलं होतं की आपण काल नीट बंद झालो नव्हतो, आणि त्याने अर्धवट व्यवहार मिटवून घेतले होते. आदल्या संध्याकाळचं शेवटचं पुस्तक शोधलं. ते अजून सभासदाच्या नावावरच होतं, म्हणजे नोंद पूर्ण झाली नव्हती आणि त्याने ती अख्खी मागे घेतली होती. पेन्सिलीने लिहिलेला दाखल क्रमांक कामी आला, नोंद पुन्हा केली. मग पुस्तकांची संख्या मोजून घेतली: ११,८४२. सभासद: ६१७. दोन्ही आकडे वहीत लिहिले. पूर्ण डेटाबेसची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, आणि डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवली. शेवटी मारियाडीबी बंद केला आणि लॉगमध्ये 'बंद होणं पूर्ण' या अर्थाची ओळ येईपर्यंत थांबले. ती ओळ पाहिली तेव्हा खांदे सैल झाले.

बाकीची तयारी भराभर झाली. बारावी आवृत्ती १२.१२ पर्यंत अद्ययावत केली. अडवून ठेवलेलं एखादं पॅकेज आहे का पाहिलं, नव्हतं. बाहेरून घेतलेलं एकच पॅकेज निघालं, प्रिंटरच्या कंपनीचं. ते काढून टाकलं. मग ज्या फाइलमध्ये पॅकेजेस कुठून आणायची ते लिहिलेलं असतं, त्यात प्रत्येक ठिकाणी बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी केलं. चार ओळी.

चित्रांचा डेस्कटॉप बंद करून मी साध्या काळ्या टर्मिनलवर गेले, कारण अपग्रेड चालू असताना डेस्कटॉपच बदलत असतो आणि मध्येच पडद्याला कुलूप लागलं तर उघडेलच असं नाही. पडद्यावर येणारं सगळं एका फाइलमध्ये टिपून ठेवायची आज्ञा दिली. आधी लहान अपग्रेड, ज्यात नवीन पॅकेजेस येत नाहीत, फक्त असलेल्यांतली शक्य तेवढी पुढे जातात. त्यानंतर पूर्ण अपग्रेड.

आणि मग ती यादी आली. एकशे नव्वदहून अधिक पॅकेजेस काढून टाकली जातील, असं पडद्यावर लिहिलं होतं. त्यात अशी नावं होती की ज्यांच्याशिवाय डेस्कटॉप उभाच राहत नाही, हे मलाही माहीत होतं. संध्याकाळी येणारी ती बारावीतली मुलगी त्या दिवशी सकाळीच डोकावली होती, ती माझ्या मागे उभी होती. "ताई, हे सगळं जाणार?" तिचा आवाज खाली गेला होता.

मी तिला खालची दुसरी यादी दाखवली, नवीन येणाऱ्यांची. जाणाऱ्या बहुतेक प्रत्येक नावाचा जुळा तिथे होता, फक्त शेपटीला 'टी६४' लावलेला. या टी६४ ची गोष्ट मी तिला सांगितली, ती इथेही सांगते, कारण ट्रिक्सीतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी दिसणारं काम तेच आहे.

युनिक्सच्या घराण्यातले संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून झालेल्या सेकंदांत. ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांच्या, जुन्या पद्धतीत या आकड्याला जेवढी जागा ठेवलेली आहे, तेवढी १९ जानेवारी २०३८ ला भरेल. आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून थेट १९०१ मध्ये जाईल. त्यावर उपाय म्हणजे ती जागा ६४ बिटांची करणं, पण एका प्रोग्रामने जागा वाढवली आणि त्याच्याशी बोलणाऱ्या दुसऱ्याने नाही वाढवली तर दोघांचं बोलणं बिघडतं. म्हणून डेबियनच्या लोकांनी हजारो पॅकेजेस एका झपाट्यात पुन्हा बांधून काढली, आणि जुन्या-नव्याची गल्लत होऊ नये म्हणून बदललेल्या लायब्रऱ्यांना, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या सुट्या भागांना, नवं नाव दिलं. आमच्या ६४ बिटांच्या संगणकाला तशी ही अडचण नव्हती, पण नावं सगळीकडे एकच ठेवायची म्हणून ती इथेही बदलली. तेच टी६४.

"२०३८ ला मी एकतीस वर्षांची असेन," ती म्हणाली.

मी 'हो' दाबलं.

सुमारे दीड जीबी उतरायला पावणेदोन तास लागले, पावसात आमचं इंटरनेट असंच असतं. काका खुर्ची घेऊन मेन स्विचजवळ बसले होते. वीज गेली तर त्यांच्या हातात काही नव्हतं, तरी ते तिथून उठले नाहीत. पॅकेजेस बसायला आणखी पन्नास मिनिटं. मध्ये दोनदा संगणकाने विचारलं की ही फाइल तुम्ही स्वतः बदललेली दिसते, तुमची ठेवू की माझी नवीन घालू. दोन्ही वेळा आधी फरक पाहिला. एक डेटाबेसची मांडणी होती, ती माझी ठेवली. दुसरी छपाईची होती, तिथे नवीन घेतली.

एक वाजून दहा मिनिटांनी संगणक पुन्हा सुरू केला. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१२. डेस्कटॉप एक्सएफसीई ४.२०. मारियाडीबी ११.८. मी देवघेवीचा प्रोग्राम उघडला, जो त्याच इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने पायथनमध्ये लिहून दिला होता. पायथन ३.११ वरून ३.१३ वर गेलं होतं, तरी तो उघडला. त्या मुलाने सगळे सुटे भाग डेबियनच्याच भांडारातून घेतले होते, म्हणून तेही सोबतच पुढे आले. पुस्तकं मोजली. ११,८४२. सभासद ६१७. मी वही काकांसमोर धरली. त्यांनी दोन्ही आकड्यांपुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. तशी गरज नव्हती, पण पडताळणीत करतात तशी त्यांनी केली.

त्या दुपारी मी आणखी एक काम केलं. ते आठ वर्षं राहिलं होतं.

आमचे चौतीस आजीव सभासद आहेत. प्रोग्राम लिहिला तेव्हा प्रत्येक सभासदाला मुदतीची तारीख द्यावी लागायची, म्हणून आम्ही आजीवांना २१०० साल द्यायचं ठरवलं. डेटाबेसने ते नाकारलं. ज्या प्रकारच्या रकान्यात ती तारीख ठेवली होती, त्याला २०३८ च्या जानेवारीपुढचं काही ठेवताच येत नव्हतं. त्या मुलाला गणपतीनंतर परत जायचं होतं. त्याने सगळ्यांना ३१ डिसेंबर २०३७ ही तारीख दिली आणि "तोपर्यंत काहीतरी होईल" म्हणून गेला. त्या चौतिसांपैकी पाच जण आता हयात नाहीत, त्यांच्या कार्डावर मी वेगळी खूण करते. उरलेल्यांत आमच्या गावची सगळ्यात लहान आजीव सभासद आहे, तिच्या आजोबांनी बारशाच्या दिवशी पावती फाडली होती. ती आज सहा वर्षांची आहे. २०३७ ला तिचं सभासदत्व संपेल असं लिहून ठेवणं मला दर वेळी खुपायचं.

मारियाडीबीने मधल्या काळात तो रकाना ६४ बिटांच्या संगणकांवर २१०६ पर्यंत वाढवला आहे. मी तिचं कार्ड उघडलं, ३१ डिसेंबर २१०० लिहिलं, आणि ते तिथे राहिलं. मग बाकीच्यांचं केलं.

वाचनकक्षातल्या संगणकाची वेगळी अडचण होती. ट्रिक्सीपासून डेबियनने आय३८६, म्हणजे ३२ बिटांच्या जुन्या पीसींसाठीचं पूर्ण समर्थन बंद केलं. त्यासाठी कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. उरली आहेत ती फक्त ६४ बिटांच्या संगणकावर जुने ३२ बिटी प्रोग्राम चालवण्यापुरती पॅकेजेस. रिलीज नोट्स सरळ सांगतात की आय३८६ वाल्यांनी ट्रिक्सीवर येऊ नये, शक्य असेल तर ६४ बिटांचं नव्याने बसवावं. वाचनकक्षातला संगणक विचारल्यावर 'आय३८६' असंच उत्तर देत होता. मी त्याला बाद करायच्या यादीत घातलंही होतं.

पण प्रोसेसरची माहिती पाहिली, तर तिथे लिहिलं होतं: ३२ बिट, ६४ बिट, दोन्ही. कोअर टू ड्युओ. मशीन पहिल्यापासून ६४ बिटांचं होतं, ३२ बिटांची होती ती त्यावर घातलेली प्रणाली. आणि ती मीच निवडली होती. डाउनलोडच्या पानावर 'एएमडी६४' आणि 'आय३८६' अशी दोन नावं असतात. आपला प्रोसेसर इंटेलचा, मग एएमडी या दुसऱ्या कंपनीचं कशाला घ्या, असा विचार मी तेव्हा केला होता. ती ६४ बिटांची पद्धत एएमडीने आखली आणि पुढे इंटेलनेही घेतली, म्हणून तिचं नाव तसं पडलंय. तुमच्याकडे जुना संगणक असेल आणि ३२ बिटांचा म्हणून तुम्ही तो टाकून देणार असाल, तर आधी हे एकदा नक्की पाहा. २००७-०८ नंतरचे पुष्कळ डेस्कटॉप ६४ बिटांचे आहेत.

तो पुढच्या सोमवारी नव्याने घातला. इन्स्टॉलर सुरू होताच भाषांची यादी येते आणि त्यात मराठी असते. मी ती निवडली, आणि 'पुढे चला'पासून सगळं मराठीत समोर आलं. वायफायचा छोटा डोंगल लगेच ओळखला गेला. डेबियन ११ च्या वेळी त्याचं फर्मवेअर, म्हणजे डोंगलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, वेगळ्या पेनड्राइव्हवर शोधून आणावा लागला होता. ते मुक्त नाही म्हणून डेबियन ते सोबत देत नसे. २०२२ मध्ये त्यांनी आपसांत मतदान घेतलं आणि बाराव्या आवृत्तीपासून ते इन्स्टॉलरमध्ये ठेवायला सुरुवात केली, वेगळ्या कप्प्यात, तसं स्पष्ट सांगून. तत्त्वाला धरून राहायचं आणि माणसाचं कामही अडू द्यायचं नाही, यासाठी त्यांनी किती भांडण केलं असेल याची मला कल्पना आहे. आमच्याकडे नियतकालिकांच्या निवडीवरून दोन सभा चालतात.

दोन दिवसांनी मुलगी एका जुन्या मासिकाचा अंक स्कॅन करायला बसली. छत्तिसाव्या पानाला 'जागा शिल्लक नाही' असा संदेश आला आणि प्रोग्राम बंद पडला. डिस्कवर दोनशे जीबी मोकळे होते. ती रडवेली झाली, कारण पस्तीस पानं गेली होती, आणि त्या अंकाची पानं इतकी ठिसूळ आहेत की पुन्हा उलटणं म्हणजे परीक्षा.

चूक माझी होती. पाचव्या प्रकरणात ते लिहिलेलं होतं. तात्पुरत्या फाइलींची जागा, 'टीएमपी', ट्रिक्सीत डिस्कवर नसून मेमरीत असते, आणि जास्तीत जास्त अर्धी मेमरी घेते. मी ते वाचलं होतं आणि आपल्याला काय त्याचं, म्हणून पुढे गेले होते. या संगणकाला मेमरी दोन जीबी. अर्धी म्हणजे एक. रंगीत ए४ पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की सुमारे २६ एमबी होतं, आणि आमचा स्कॅनिंगचा प्रोग्राम सगळी पानं एकत्र जोडेपर्यंत याच जागेत ठेवतो. पस्तीस पानांत ती भरली. उपायही त्याच परिच्छेदात होता, एका ओळीची आज्ञा, ज्याने ती जागा पुन्हा डिस्कवर जाते. ती दिली. अंक आम्ही दोघींनी मिळून पुन्हा स्कॅन केला, ती पान धरत होती आणि मी झाकण. एकही पान फाटलं नाही. आता मी मुलांना सांगते की टिपा वाचताना 'हे आपल्याला लागू नाही' असं वाटेल तिथेच थांबून विचार करा की आपण रोज नेमकं काय करतो.

उरला गुरुजींचा.

गुरुजी एकोणऐंशी वर्षांचे. मला चौथीला होते. त्यांच्या मुलाने बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला छोटा नेटबुक त्यांच्याकडे आहे, ॲटम एन२७० प्रोसेसरचा, एक जीबी मेमरी. त्यावर ते आपल्या खाडीतल्या गलबतांच्या आठवणी लिहितायत. कुठलं गलबत कोणाचं, कौलं कुठून यायची, तांडेल कोण, बंदराला गाळ कधी भरला. नेटबुकवर मीच डेबियन घातलं आणि लोहित या टंकसंचातला मराठीसाठीचा वेगळा टंक, कारण त्यांना हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' चालत नाही. 'ऱ्ह' नीट उमटतो का, हे पाहायला त्यांनी पहिल्या दिवशी 'कऱ्हाड' आणि 'गुऱ्हाळ' असे दोनच शब्द लिहिले होते.

एन२७० ला ६४ बिट नाहीत. मी तीनदा पाहिलं.

त्यांना सांगताना मला अवघड गेलं. ज्यांनी आय३८६ थांबवलं त्यांच्यावर माझा राग नाही. स्वयंसेवकांनी किती वर्षं जुनं यंत्र खांद्यावर वाहायचं, आणि ते वाहणारी माणसं कमी झाली की काय करायचं, हे मला कळतं. आमच्या भजनी मंडळाचंही तेच झालं. तरी समोर बसलेल्या माणसाला सांगायचं असतं तेव्हा हे सगळं कळणं पुरत नाही.

"गुरुजी, काउंटरवर नवीन आवृत्ती आली. तुमच्या मशीनला ती येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे बंद होणार काय गो?"

"नाही. आहे तसं चालेल. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. पण कायम नाही."

"कधीपर्यंत?"

"२०२८ च्या जूनअखेरपर्यंत."

ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "अकरावं प्रकरण चाललंय. चौदा आहेत. होईल."

त्यांच्या मशीनला एक काम मात्र करावं लागलं, आणि ते राहून गेलं असतं तर घोटाळा झाला असता. पॅकेजेस कुठून आणायची त्या फाइलीत मी पूर्वी आवृत्तीचं नाव न लिहिता नुसतं 'स्टेबल' लिहिलं होतं, म्हणजे जी चालू आवृत्ती असेल ती. आता स्टेबल म्हणजे ट्रिक्सी. पुढच्या वेळी अद्ययावत करायला गेले असते, तर मशीनने अर्ध्या रस्त्यापर्यंत जायचा प्रयत्न केला असता. मी तिन्ही ओळींत 'स्टेबल' खोडून 'बुकवर्म' लिहिलं. नंतर अद्ययावत करून पाहिलं. दुरुस्त्या आल्या, बाकी काही हललं नाही. गुरुजींच्या फोल्डरची एक प्रत दर शुक्रवारी वाचनकक्षातल्या संगणकावर घ्यायची, असं मुलीने आपणहून ठरवलं आणि फळ्यावर लिहिलं.

जाताना गुरुजी काउंटरपाशी थांबले.

"ती तारीख मला लिहून दे. मी विसरतो हल्ली."

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवतो ती परतीच्या तारखांची चिठ्ठी मी गठ्ठ्यातून एक काढली. पहिल्या चौकटीत ३० जून २०२८ असा शिक्का मारायचा होता, पण आमच्या शिक्क्याची वर्षांची पट्टी २०२७ लाच संपते, म्हणून पेनाने लिहिली. डिंक लावून नेटबुकच्या झाकणाला आतल्या बाजूने चिकटवली. गुरुजींनी ती सुकेपर्यंत झाकण उघडंच धरून ठेवलं.